घ्यायचं तर दोघांना

इशिता : आणि दोन हजार चारचे लेकर्स? ते बरे विसरलात, आबा! शॅक, कोबी ब्रायंट, मलोन, पेटन. बास्केटबॉलमधले चार-चार सुपरस्टार एका टीममध्ये. एनबीएच्या फायनलला काय झालं त्यांचं?

दत्ताराम : हरले. माहितीये मला.

इशिता : कसे हरले ते बोला ना. चार-एक! आणि कोणाकडून? तर डेट्रॉइटकडून, ज्यांना सीझनच्या सुरुवातीला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं.

दत्ताराम : अगं, मलोनचा गुडघा गेला होता त्या फायनलला. चाळीस वर्षांचा माणूस एका पायावर खेळत होता.

इशिता : हे तुमचं नेहमीचं. तुमचा मुद्दा हरायला लागला की कोणाचा तरी गुडघा जातो.

दत्ताराम : आणि डेट्रॉइटवाले म्हणजे काय हातगाडीवरून उचलून आणलेले नव्हते. बेन वॉलेससारखा डिफेन्स करणारा त्या काळात दुसरा दाखव मला.

इशिता : मी तेच तर म्हणतेय! नावाचा गाजावाजा नाही, पण पाचही जण एकमेकांसाठी खेळणारे. एकीचं बळ.

दत्ताराम : एकीचं बळ हे शाळेच्या भिंतीवर लिहायला ठीक आहे. दोन हजार सतराचे वॉरियर्स घे. करी, ड्युरंट, थॉम्पसन, ग्रीन. प्लेऑफच्या सतरा मॅच. सोळा जिंकले, एक हरले. कुठे गेलं तुझं एकीचं बळ? चारही जण स्टार, आणि वर एकी पण होती. मग काय करशील?

इशिता : एक मिनिट, एक मिनिट. आबा, आजपर्यंत वॉरियर्सचं नाव काढलं तरी तुमचं नाक वाकडं व्हायचं. ‘शहाण्णवचे बुल्स म्हणजे बुल्स, बाकी सगळा बाजार.’ कोण म्हणायचं हे? आणि तो ड्युरंट आपली टीम सोडून त्यांच्याकडे गेला तेव्हा मी सात वर्षांची होते. टीव्हीसमोर उभं राहून तुम्ही त्याला पळपुटा म्हणालात आणि पुढे असं काही म्हणालात की आजीने मला उचलून आत नेलं.

दत्ताराम : म्हटलं असेल.

इशिता : मग आज अचानक पार्टी का बदललीत?

दत्ताराम : माणसाचं मत बदलू शकतं.

इशिता : तुमचं? चहात साखर किती, हे मत बदलायला डॉक्टरला तीन वर्षं लागली.

दत्ताराम : तुझी आजी कोबी म्हटलं की अजून भाजीचं विचारते, तिच्यासारखं मध्येच फाटे फोडू नकोस. बुल्सचंच घे. जॉर्डन, पिपन, रॉडमन सगळ्यांना पाठ आहेत. रॉन हार्पर कोणाला आठवतो? शिकागोला यायच्या आधी तो त्याच्या जुन्या टीमचा राजा होता, मॅचला वीस पॉइंट मारायचा. बुल्समध्ये आला आणि सात-आठवर आला. समोरच्याला अडव, बॉल पुढे दे, बस. बहात्तर मॅच जिंकल्या त्या सीझनला, आणि पहिल्या पाचात हा होता.

इशिता : म्हणजे मोठ्या टीममध्ये जाऊन लहान व्हायचं.

दत्ताराम : आपण केवढे आहोत, ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

इशिता : आलात मुद्द्यावर! मला वाटलंच. रविवारी संध्याकाळी गुडघ्याला पट्टा बांधून बेव्हर्ली पार्कच्या कोर्टवर ‘चल, जरा बसू’ म्हणून आणलंत, तेव्हाच वाटलं होतं. आजीने सांगितलं ना तुम्हाला?

दत्ताराम : तुझ्या बापाने. चहा पिताना यतीन म्हणाला, पुण्याच्या सरांचा फोन आला होता. अख्ख्या राज्यातून बारा मुली निवडल्यात. नव्या लीगची ज्युनिअर टीम, वर्षभर राहायचं, खायचं, अकरावी तिथल्याच कॉलेजात. आणि तुझं नाव त्या बारांत आहे. मी म्हटलं, पेढे कुठे आहेत? तर म्हणतो, पेढे कसले, पोरगी नाही म्हणतेय.

इशिता : नाही म्हणाले नाही मी. अट घातली.

दत्ताराम : काय अट?

इशिता : पप्पांनी सांगितलं असेल की.

दत्ताराम : मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

इशिता : घ्यायचं तर दोघींना घ्या. मला आणि चांदणीला. नाहीतर कोणालाच नको.

दत्ताराम : हं.

इशिता : हं काय? असे काय बघताय? मला वाटलं होतं तुम्ही पाठ थोपटाल. तुमचंच वाक्य आहे ते, आबा! ‘एकोणऐंशी साल. बँकेची टीम म्हणजे काय टीम होती महाराजा! पाच जण महाराष्ट्राकडून खेळलेले. साहेब म्हणाले, दत्ताराम, सहावा तू. उद्यापासून नोकरी पक्की. मी म्हटलं, साहेब, आमच्या बाळ्याला पण घ्या. घ्यायचं तर दोघांना, नाहीतर कोणालाच नको. आणि खुर्ची मागे सारून उठलो.’ खुर्ची मागे सारायची अॅक्शन पण येते मला. पाचवीत वक्तृत्वाला ‘माझा आदर्श’ हा विषय होता, तेव्हा मी हेच बोलले होते. दुसरं बक्षीस मिळालं. सर्टिफिकेट तुमच्याच कपाटाला चिकटवलंय.

दत्ताराम : आठवतंय. पहिलं द्यायला हवं होतं त्यांनी.

इशिता : मग?

दत्ताराम : सरांचं उत्तर काय आलं?

इशिता : म्हणाले, तुझ्या मैत्रिणीचा ड्रिबल चांगला आहे, पण उंची आणि शूटिंग अजून कमी पडतंय. पुढच्या वर्षी परत ट्रायल दे म्हणावं. आणि तू आज सातपर्यंत कळव. सातला लिस्ट बंद, मग तुझ्या जागी पुढची मुलगी.

दत्ताराम : आता किती वाजले?

इशिता : सहाला पाच कमी. आबा, तुम्ही भिडू पाडायचात ना लहानपणी? आम्ही पण पाडतो. दोन सारख्या मुलींनी बाजूला जायचं, गुपचूप नावं घ्यायची, एक आंबा, एक फणस. मग कॅप्टनला विचारायचं, आंबा की फणस?

दत्ताराम : मला काय सांगतेस? घोडपदेवला असताना मी आणि बाळ्या कायम जोडीत. त्यामुळे कायम समोरासमोर. अमेरिकेत भिडू पाडत नाहीत, हाच तर घोळ आहे. पाडले असते तर करी एकीकडे आणि ड्युरंट दुसरीकडे गेला असता.

इशिता : तेच! चौथीपासून मी आणि चांदणी जोडीत. ती वरसाव्याहून यायची, मी इथून, आणि कायम एकमेकींच्या विरुद्ध. या वर्षी पहिल्यांदा एका टीममध्ये आलो आणि जिल्हा जिंकलो. आता परत कोणीतरी येऊन आंबा उचलणार आणि फणस ठेवणार. मला नाही पटत.

दत्ताराम : ट्रायलला काय झालं?

इशिता : काय होणार? सिलेक्ट झाले.

दत्ताराम : ते कळलं. तू कशी खेळलीस?

इशिता : ठीक.

दत्ताराम : तू घरी आल्यावर मॅचमधला एकेक बॉल सांगतेस. आजी झोपून गेली तरी सांगत असतेस. पुण्याहून आलीस त्या दिवशी सरळ आंघोळीला गेलीस. नंतर म्हणालीस, डोकं दुखतंय.

इशिता : दुखत होतं म्हणून म्हणाले. त्याचा इथे काय संबंध? मी चांदणीसाठी नाही म्हणतेय, बस. तुम्ही बाळा आजोबांसाठी म्हणालात तेव्हा कोणी तुमची उलटतपासणी घेतली होती का?

दत्ताराम : नाही घेतली. घ्यायला हवी होती कोणीतरी.

इशिता : म्हणजे?

बाळा : हां, हितंच हायेत दोगं! मी घरी जाऊन आलो. मनोरमावहिनी बोलल्या, कोर्टवर बसलेत. पुलावर नुसती गाड्यांची रांग, वरसाव्याशनं निगून तास गेला माजा.

दत्ताराम : बाळ्या? फोन करायचास की. बस. पाणी घे.

बाळा : पानी नको मना. बसत पन न्हाय. इशिता, पोरी, तुला इचारायला आलोय. चांदनीनी तुला सांगितलं व्हतं काय, माज्यासाठी बोल म्हनून?

इशिता : नाही, पण...

बाळा : मंग कशाला बोललीस?

इशिता : बाळा आजोबा, मी तिच्यासाठी...

बाळा : तिच्यासाठी! तुज्या त्या पुन्याच्या सरांनी हितल्या सरांना फोन लावला. कोन ही चांदनी, जिच्यापायी तुमची पोरगी अडून बसलीय? झालं. सगल्या पोरींना कललं. आता ज्या त्या पोरीच्या तोंडी तेच, हिच्यामुले इशिताचा चान्स जातोय. माजी नात सकालपास्नं जेवली न्हाय. मना बोलते, दादा, मी ट्रायलला पडले, त्याचं मना काय न्हाय वाटलं. पुन्ना देईन. पन इशितानी माज्यासाठी भीक मागली, त्याचं वाटलं.

इशिता : भीक? ती असं म्हणाली?

बाळा : अश्शीच बोलली.

इशिता : मग तिने मला का नाही सांगितलं? कालपासून मेसेज बघत नाहीये माझा. आणि भीक काय त्यात? आबांनी तुमच्यासाठी केलं, ती भीक होती का? तेव्हा तुम्ही नाही रागावलात. तुम्ही तर प्रत्येक वेळी शेजारी बसून मान हलवता!

(दत्तारामने ही गोष्ट बारशांत सांगितली होती, साखरपुड्यांत सांगितली होती, सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरीचं दूध हलवतानाही सांगितली होती. सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली होती, की अलीकडे त्याला स्वतःलाच ती शब्दन् शब्द खरी वाटायची. आज मात्र नातीच्या तोंडून ती ऐकताना, आपण घरात काय पेरून ठेवलं, हे त्याला एकदम दिसलं. त्याने बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी न पिताच परत लावलं. गप्प राहिलं तर कोणाला काही कळणार नव्हतं, आणि पोरगी सात वाजता आपल्यासारखीच खुर्ची मागे सारून उठणार होती.)

दत्ताराम : इशू, ती गोष्ट मी अर्धीच सांगतो.

इशिता : कुठली?

दत्ताराम : बँकेची. साहेबांना मी तसं म्हणालो, ते खरं आहे. पण त्याच्या आधीचे तीन दिवस मी सांगत नाही. त्यांनी मला नुसतं बोलावलं नव्हतं, प्रॅक्टिसला बोलावलं होतं. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं मी कोर्टवर नुसता धावलो. कोणी माझ्याकडे बॉलच टाकेना. दुसऱ्या दिवशी टाकला. समोर जो उभा होता ना, त्याचं नाव आम्ही पेपरात वाचायचो. त्याने माझ्या हातातून बॉल असा काढून नेला, की मी रिकामे हात घेऊनच शॉट मारायला उडी मारली. सगळे हसले. वाईट माणसं नव्हती ती, आपण हसतो तशी हसली. वाडीत मी राजा होतो गं. ‘दत्ता आला, दत्ता आला’ व्हायचं. तिथे मी नववा होतो. दहावा म्हणजे पाणी आणणारा.

इशिता : आणि तिसऱ्या दिवशी?

दत्ताराम : तिसऱ्या दिवशी मी गेलोच नाही. सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि अट घातली. दोघांना घ्या, नाहीतर कोणालाच नको. त्यांच्याकडे एकच जागा आहे, हे मला माहीत होतं. म्हणून तर घातली. साहेब हो म्हणाले असते तर माझी पंचाईत झाली असती.

इशिता : म्हणजे ते खोटं होतं? सगळं?

दत्ताराम : बाळ्यावर जीव होता, ते खोटं नव्हतं. बाकी मी घाबरलो होतो, आणि घाबरलो म्हणायची लाज वाटली. मग मित्राचं नाव पुढे केलं. ते नाव चांगलं दिसत होतं ना. बाळ्या, तुझ्यासमोर हे सांगायला मला सेहेचाळीस वर्षं लागली. तुला काय बोलायचं असेल ते बोल. चप्पल काढलीस तरी चालेल.

बाळा : मना ठावं व्हतं.

दत्ताराम : काय ठाऊक होतं?

बाळा : तिसऱ्या दिवशी डॉकमंदनं अर्धी सुट्टी टाकून मी आल्तो. तुजी प्रॅक्टिस बगायला. बोल्लो, आपला दत्तू मोठ्या लोकांत कसा खेलतो, बगू तरी. तू रस्त्याच्या अल्याड पिंपलाखाली उभा. बूट हातात. मी पानाच्या टपरीमागं. आता आत जाईल, मंग आत जाईल, करत मी पन उभा ऱ्हायलो. तासभर. मंग तू बूट पिशवीत टाकलंस.

दत्ताराम : तू तिथे होतास?

बाळा : व्हतो तर.

दत्ताराम : आणि हाक नाही मारलीस?

बाळा : कशी मारू? मानूस घाबरलेला असला की त्याला हाक मारू नये, आमची आय बोलायची. तो अजून दचकतो.

इशिता : पण मग नंतर? आबा सगळ्यांना सांगत होते, की बाळ्यासाठी नोकरी सोडली. तुम्ही एकदा तरी म्हणायचं ना, खोटं आहे म्हणून!

बाळा : दुसऱ्या दिवशी वाडीत आलो त सगली पोरं माज्याकडं बगतात. हाच तो बाल्या, ज्याच्यासाठी दत्तानी बँक सोडली. पोरी, मी मिठागरातला पोरगा. मामाकडं ऱ्हायचो, डॉकमंदे हमाली शिकायचो. माजं नाव तवर कोनी कुठं घेतलं न्हवतं. हजेरी सोडून. त्या दिवशी पयल्यांदा कोनी तरी माज्यासाठी काय तरी सोडलं, असं लोक बोल्ले. खोटं त खोटं. मना ते लय आवडलं र, दत्तू. तुला काय म्हनून खोडू?

दत्ताराम : बाळ्या...

बाळा : थांब, अजून हाय. गोड पन व्हतं आनि जड पन व्हतं. तू हिकडं फ्लॅट बगायला आलास, तवा मी म्हैनाभर तुज्यासाठी बिल्डरांच्या दारात हिंडलो. यतीनच्या लग्नात दोन पंगती वाढल्या. लोक बोलायचे, वाढनारच, याच्यासाठी त्यानी नोकरी सोडली. मी बोलायचो, व्हय. पन मी तुजा दोस्त म्हनून वाढत व्हतो र. ते कोनाला दिसलंच न्हाय. सगल्यांना वाटलं, उपकार फेडतोय.

दत्ताराम : चुकलो मी. तुझं नाव वापरलं मी.

बाळा : माजं वापरलंस ते वापरलंस. माजं वय झालं. माज्या नातीचं नको. तिला काय नाव नकोय कोनाच्या गोष्टीत. तिला बॉल पायजे. म्हनून आलोय मी पूल वलांडून.

दत्ताराम : इशू, रडतेस काय?

इशिता : मी नाही रडत. मला... आबा, मी चार पॉइंट केले. पूर्ण ट्रायलमध्ये फक्त चार. इथे मी बावीस करते.

दत्ताराम : हं.

इशिता : एक नागपूरची मुलगी होती. माझ्यापेक्षा बुटकी. तिने पहिल्या दहा मिनिटांत तीन वेळा माझ्या हातातून बॉल नेला. तीन वेळा! आणि साताऱ्याची एक होती, तिच्यावरून शॉटच जात नव्हता. मधल्या ब्रेकमध्ये मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. चांदणी बाहेरून दार वाजवत होती. ती म्हणत होती, बाहेर ये, तुला घेणार आहेत, सर तुझ्याकडे बघत होते. आणि आबा, मला ना, ते ऐकून आणखी भीती वाटली.

बाळा : बोल्ली व्हती ती मना. दाराचं.

इशिता : मग ती लिस्टमध्ये नाही, हे कळल्यावर मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, बाळा आजोबा, शप्पत. पण थोडं बरं पण वाटलं. कारण आता मला न जायला कारण होतं. आणि ते इतकं चांगलं कारण होतं! त्याच्यावर तर आमच्या घरात बक्षीस मिळालंय.

दत्ताराम : ते सर्टिफिकेट मी काढतो आज.

इशिता : नको, राहू दे. आबा, खरं सांगा, त्या बारा जणींत मी बारावी आहे. तिथे जाऊन वर्षभर बेंचवर बसू?

दत्ताराम : बारावी असशील. असशीलच. मी तुला खोटा धीर देणार नाही, आज तर अजिबात नाही. पण एक सांगू? शहाण्णवचे बुल्स आणि सतराचे वॉरियर्स, कोण जिंकलं असतं, यावर आपण दोघं किती वर्षं भांडतोय?

इशिता : मी सात वर्षांची असल्यापासून.

दत्ताराम : आणि तू आजी झालीस तरी लोक भांडतच राहणार. कारण ती मॅच होऊच शकत नाही. एकवीस वर्षांचं अंतर आहे, कोणी काहीही म्हणावं. पण माझी मॅच होऊ शकत होती, इशू. रस्ता ओलांडायचा होता फक्त. मी नववा होतो, तो महिन्याभरात आठवा झालो असतो, का दुसऱ्याच आठवड्यात हाकलला गेलो असतो? आजपर्यंत मला माहीत नाही. कधी वाटतं, झालो असतो सातवा. कधी वाटतं, छे, पाणीच आणलं असतं. सेहेचाळीस वर्षं मी एकट्याने दोन्ही बाजूंनी भांडतोय. म्हणून तर दुसऱ्यांच्या टीमांवर इतका बोलतो.

बाळा : सातवा झाला असतास तू.

दत्ताराम : तू गप रे. उगाच आता...

बाळा : उगाच न्हाय. तुज्यासमोर रोज मीच खेलायचो. माज्याशिवाय कोनाला ठावं? सातवा. सहावा न्हाय, पन सातवा नक्की.

दत्ताराम : हे तू मला त्या टपरीमागून येऊन सांगायला हवं होतंस.

बाळा : व्हय. तेवडी माजी चूक हाय. म्हनून आज वेलेत आलो.

इशिता : चांदणी काय म्हणाली अजून? माझ्यावर खूप चिडलीय?

बाळा : लय. बोल्ली, तिला सांगा, जा म्हनावं. तू न्हाय गेलीस त जलमभर बोलनार न्हाय. आनि पुडच्या वर्सी मी तिकडं आल्यावर तुज्या हातातनं बॉल काडनार. नागपूरवालीनी तीन येला काडला ना, मी चार येला काडीन.

इशिता : काढेल ती. तिला माझी डावी बाजू माहितीये.

दत्ताराम : साडेसहा होऊन गेले.

इशिता : माहितीये. काढलाय फोन.

दत्ताराम : मी लावून देऊ नंबर?

इशिता : नको. मी लावते. तुम्ही दोघं जरा तिकडे बघा. नाही, जाऊ नका कुठे. नुसतं तिकडे बघा.

बाळा : बगतोय, बगतोय. दत्तू, वल तिकडं.

इशिता : हॅलो, सर? नमस्कार. इशिता बोलतेय, मीरा रोडहून... हो सर, विचार केला. येतेय मी... नाही, अट काही नाही. ते माझं चुकलं, मी तिला न विचारताच बोलले होते... हो, एकटीच... हो, पप्पा फॉर्म भरतील... सर, ठेवू नका, एक विचारायचं होतं. तिथे आल्यावर भीती वाटली तर कोणाला सांगायचं?